धुक्याचा दोष कुठे संपतो: गोवा-दिल्ली फ्लाइट ६ई-२१९५ चं प्रकरण

१४ जानेवारी २०२४, रविवार, भोगीचा दिवस. इंडिगोची गोवा-दिल्ली फ्लाइट ६ई-२१९५ आधी गोव्यातच लेट झाली, प्रवाशांच्या म्हणण्याप्रमाणे बारा तासांच्या आसपास, मग रात्री एकदाची उडाली तर दिल्लीत धुकं म्हणून मुंबईला डायव्हर्ट झाली, अकरा वाजून गेल्यावर मुंबईत उतरली, शिडी लागल्या लागल्या लोक खाली आले आणि विमानाच्या बाजूलाच जमिनीवर बसले, तिथेच त्यांचं जेवण झालं, आणि रात्री अडीचच्या पुढे विमान परत दिल्लीकडे निघालं. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला तिळगुळाच्या मेसेजबरोबर तो व्हिडिओ पण सगळीकडे फिरत होता, मागे उभं विमान आणि पुढे मांडी घालून जेवणारी माणसं. बऱ्याच जणांनी तो गंमत म्हणून पुढे पाठवला, विमानतळाचा एसटी स्टँड झाला वगैरे लिहून. मला ते बघून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण ती माणसं तिथे हौसेने बसली नव्हती, अख्खा दिवस गेल्यावर त्यांना आता कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलंय. फ्लाइट लेट झाली की प्रवासी जे जे विचारतात, खरंच धुकं आहे का, आम्हाला नीट का सांगत नाहीत, विमानात का कोंडून ठेवतात, जेवण द्यायलाच हवं ना, पैसे किती मिळतील, तक्रार कुठे करायची, ते सगळं या एका फ्लाइटमध्ये सापडतं. आणि दुसरं कारण असं की यात सरकारी दंडही झाला, त्यामुळे कुणाचं कुठे चुकलं हे बऱ्यापैकी कागदावर आलंय.

आता पहिला प्रश्न, गोव्यात लख्ख ऊन असताना धुक्यामुळे फ्लाइट लेट कशी. हा प्रश्न प्रत्येक हिवाळ्यात गोवा, पुणे, नागपूर, मुंबई सगळीकडे काऊंटरवर ऐकू येतो आणि लोक त्याला सरळ थाप समजतात. पण यात सहसा थाप नसते. आपल्याकडे जी छोटी विमानं देशांतर्गत चालतात ती दिवसभर एका शहरातून दुसऱ्या शहरात अशी फिरत असतात, एकच विमान दिवसात पाच-सहा खेपा मारतं. गोव्याहून सकाळी दिल्लीला जाणारं विमान बऱ्याचदा आधी दिल्लीहून किंवा दिल्ली करून आलेल्या दुसऱ्या शहरातून यायचं असतं. ते तिकडेच अडकलं तर गोव्यात कितीही ऊन असो, उडायला विमानच नाही. त्यात पायलट आणि केबिन क्रू यांच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, ती संपली की विमान समोर उभं असलं तरी क्रू बदलल्याशिवाय ते हलवता येत नाही, आणि ही मर्यादा आपल्याच जिवासाठी आहे त्यामुळे तिच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही. थकलेल्या पायलटने धुक्यात विमान उतरवावं असं आपल्यापैकी कुणालाच वाटणार नाही.

त्या दिवशी दिल्लीत पहाटेपासून दाट धुकं होतं, विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवली गेली, शंभराहून जास्त फ्लाइट लेट झाल्या. दिल्ली विमानतळावर अशा धुक्यात उतरण्यासाठी कॅट-३ नावाची यंत्रणा आहे, अगदी पन्नास मीटर दिसत असलं तरी उतरता येईल अशी. पण तिला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात, धावपट्टीवर ती यंत्रणा हवी, विमान त्यासाठी तयार हवं आणि पायलटचं तसं ट्रेनिंग झालेलं हवं. यातली एक जरी नसली तरी विमान वळवावं लागतं. आणि इथेच धुक्याच्या आड लपलेल्या माणसांच्या चुका दिसायला लागतात. कॅट-३ असलेली दिल्लीची १०/२८ ही धावपट्टी तेव्हा नव्याने डांबरीकरणाच्या कामासाठी बंद होती, ते काम २०२३ च्या सप्टेंबरपासून चाललं होतं आणि धुक्याच्या सीझनपर्यंत पुरं झालं नव्हतं. डिसेंबर २०२३ च्या शेवटी दिल्लीत बरीच विमानं वळवावी लागली होती, तेव्हा धुक्याच्या वेळांना कॅट-३ चं ट्रेनिंग नसलेले पायलट नेमले म्हणून एअर इंडिया आणि स्पाइसजेट यांना डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नंतर प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. म्हणजे धुकं निसर्गाचं, पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडणार हे काही कुणाला नव्याने कळत नाही ना.

आता गोव्यातले तास. नक्की किती वाजता कुठली घोषणा झाली ते मी इथे लिहीत नाही, पण लेट फ्लाइटची जी पद्धत आपल्याकडे पडून गेलीय ती सगळ्यांना माहीत आहे. आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग पुढची वेळ थोड्या वेळात सांगू, मग स्क्रीनवर एक वेळ, ॲपवर दुसरी आणि गेटवरच्या मुलीला विचारलं तर तिसरीच. ती मुलगी पण काय करणार, तिला वरून जे सांगितलं तेच ती सांगते, पण समोरच्या दीडशे माणसांचं सगळं तिलाच ऐकून घ्यावं लागतं. या तुकड्यातुकड्याने वाढणाऱ्या उशिराचा खरा त्रास असा की प्रवाशाला कुठलाच निर्णय घेता येत नाही. सकाळी आठलाच कुणी सांगितलं असतं की बाबांनो रात्रीपर्यंत काही होत नाही, तर कुणी घरी गेलं असतं, कुणी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं असतं, कुणी रिफंड घेतला असता. नियमही तसाच आहे, सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड यातला पर्याय द्यायचा. पण उशीर कागदावर कधीच एकदम सहा तासांचा दिसत नाही, तो दर वेळी "अजून दोन तास" असाच दिसतो आणि त्यामुळे पर्याय मागायची वेळ कधी आली हेच लोकांना कळत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणात प्रवाशांवर झालेला पहिला अन्याय हा आहे, जेवणाच्या कितीतरी आधीचा.

त्याच दिवशी, याच मार्गावर उलट्या दिशेने, दिल्लीहून गोव्याला जाणाऱ्या इंडिगोच्याच एका लेट फ्लाइटमध्ये उशिराची घोषणा करायला आलेल्या पायलटला एका प्रवाशाने सगळ्यांसमोर मारलं, त्याचाही व्हिडिओ फिरला. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पायलटच्या हातात ना धुकं ना वेळापत्रक, आणि त्या प्रवाशाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. २०१७ च्या नियमाप्रमाणे नुसत्या शिवीगाळीलाही तीन महिन्यांपर्यंत आणि हात उचलला तर सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते, जिवाशी खेळ केला तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. शिवाय हात उचलला की तुमची बाकीची तक्रार कितीही खरी असली तरी तिथेच मरते, पुढे कुणी विचारत नाही की तुम्हाला सात तास पाणी मिळालं होतं का.

बे नंबर सी-३३

आता मुंबईतल्या त्या तीन तासांकडे नीट बघू, कारण दंड झाला तो याच तासांसाठी.

विमानतळावर विमान उभं करायच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक टर्मिनलला चिकटलेली, जिथे पुलासारखा बोगदा लागतो आणि तुम्ही चालत थेट इमारतीत जाता. दुसरी लांब मोकळ्यावर, जिथे शिडी लागते आणि बसने टर्मिनलला न्यावं लागतं. या फ्लाइटला मिळाली सी-३३ नावाची लांबची जागा. विमान वाहतूक मंत्रालयाने नोटिशीत नेमकं यावरच बोट ठेवलं, की इंडिगो आणि मुंबई विमानतळ चालवणारी एमआयएएल ही कंपनी या दोघांनीही येणाऱ्या परिस्थितीचा आधी अंदाज घेतला नाही, विमान टर्मिनलला न लावता लांब उभं केलं, आणि त्यामुळे आधीच दमलेल्या प्रवाशांना स्वच्छतागृह आणि खाणंपिणं अशा साध्या सोयींपर्यंतही पोचता आलं नाही.

हे वाचायला कोरडं वाटतं पण जरा डोळ्यासमोर आणा. सकाळपासून विमानतळावर असलेली माणसं, त्यात म्हातारी माणसं, लहान मुलं आली, रात्रीचे अकरा वाजून गेलेत, जायचं होतं दिल्लीला आणि खिडकीबाहेर मुंबई दिसतेय. टर्मिनलच्या एखाद्या गेटला विमान लागलं असतं तर पाच मिनिटांत सगळे आत जाऊन तोंड धुऊन बसले असते. त्याऐवजी शिडी, खाली काँक्रीट, आणि तीही साधी जागा नाही, तिथे विमानं फिरतात, इंधनाचे टँकर फिरतात, चालू इंजिनाच्या जवळ गेलं तर जीव जाऊ शकतो. डीजीसीएने एमआयएएलला ३० लाखांचा दंड लावला तो याच मुद्द्यावर, की चालू ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या मोकळ्या जागेवर, प्रवासी एवढा वेळ राहू दिले आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठी २००७ च्या परिपत्रकात सांगितलेली काळजी घेतली नाही.

विमानतळाची बाजू पण सांगायला हवी, त्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. एमआयएएलचं म्हणणं होतं की शिडी लावताच प्रवासी घाईने खाली उतरले, टर्मिनलला जाणाऱ्या बसमध्ये बसायला त्यांनी नकार दिला, म्हणून सीआयएसएफच्या, म्हणजे विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय दलाच्या मदतीने त्यांच्याभोवती कडं करून त्यांना सुरक्षित ठेवलं. हे खरं असेल असंच मी धरून चालतो. पण मग पुढचा प्रश्न विचारायलाच हवा, की बस समोर असताना माणसं बसमध्ये का चढत नाहीत?

ज्याने कधी डायव्हर्ट झालेल्या फ्लाइटमध्ये बसून वेळ काढलाय त्याला याचं उत्तर माहीत आहे. विमान सोडलं की आपला त्याच्यावरचा हक्क गेला असं वाटतं. टर्मिनलला नेतील, तिथे सांगतील फ्लाइट कॅन्सल, उद्या काऊंटरला या, मग हॉटेल नाही, सामान विमानात, परत सिक्युरिटी, आणि आपण रात्री एक वाजता अनोळखी शहरात. विमानाला टेकून बसलं तर निदान आपल्याला टाकून ते जाणार नाही. दिवसभर प्रत्येक घोषणा खोटी ठरल्यावर "बसमध्ये चढा, टर्मिनलवर सोय केलीय" ही घोषणा तरी खरी कशावरून? तो नकार मला बेशिस्त वाटत नाही, दिवसभराच्या अनुभवाने शिकवलेला तो हिशोब होता. चूक होता, धोकादायक होता, पण त्या माणसांच्या जागी बसून पाहिलं तर समजण्यासारखा होता. एखाद्या अधिकाऱ्याने विमानात येऊन, माइक हातात घेऊन, आपलं नाव सांगून स्पष्ट सांगितलं असतं की हेच विमान, हाच क्रू किंवा नवा क्रू, एवढ्या वाजता निघणार, तोपर्यंत टर्मिनलमध्ये जेवण आहे, कुणाची सीट जाणार नाही, तर कदाचित निम्म्याहून जास्त लोक मुकाट्याने बसमध्ये चढले असते असं मला मनापासून वाटतं.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा आणि तो इंडिगोला महागात पडला. एकदा प्रवासी विमानातून उतरला की परत चढण्याआधी त्याची सुरक्षा तपासणी व्हायला हवी. इथे लोक खाली उतरले, बसले, जेवले आणि तसेच वर चढले. शिवाय असा प्रकार घडल्यावर नागरी विमान सुरक्षा ब्युरोला म्हणजे बीसीएएसला लगेच कळवायला हवं होतं ते झालं नाही, त्यांना ते सोशल मीडियावरून कळलं. १७ जानेवारीला बीसीएएसने इंडिगोला १ कोटी २० लाख आणि एमआयएएलला ६० लाखांचा दंड केला. डीजीसीएचे ३० लाख धरले तर विमानतळाचा दंड ९० लाख.

या दंडांमध्ये धुक्यासाठी एक रुपयाही नाही हे लक्षात घ्या. गोव्यातल्या उशिरासाठी नाही, मुंबईला वळवल्याबद्दलही नाही. सरकारने हवामान बाजूला काढलं आणि हवामानानंतर माणसांनी काय केलं तेवढंच तपासलं. विमान कुठे लावलं, सोय आधी केली का, लोकांना धोक्याच्या जागी का राहू दिलं, तपासणी का नाही, कळवलं का नाही. मला या प्रकरणातून प्रवाशांना जे सांगायचंय ते हेच आहे, आपणही तक्रार करताना असंच करायला हवं. आपण सगळी शक्ती "धुकं नव्हतंच" हे सिद्ध करण्यात घालवतो, कंपनी हवामान खात्याचा एक कागद लावते आणि आपली तक्रार निकालात निघते.

प्रवाशांना काय मिळालं

दंडाची रक्कम सरकारजमा होते, ६ई-२१९५ च्या प्रवाशांना त्यातलं काही मिळत नाही. आणि नियमाप्रमाणे त्यांचा हक्क काय होता ते पाहिलं तर अजून वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपवर दर हिवाळ्यात एक मेसेज फिरतो की फ्लाइट लेट झाली तर दहा हजार मिळतात. मिळत नाहीत. भारतात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाईची तरतूदच नाही. ते पाच हजार, साडेसात हजार, दहा हजारांचे आकडे फ्लाइट कॅन्सल झाली आणि वेळेत कळवलं नाही तर लागू होतात, आणि तिथेही मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांची बेरीज कमी असेल तर तेवढेच मिळतात. वीस हजारांचा आकडा ओव्हरबुकिंगमुळे तुम्हाला चढूच दिलं नाही त्या प्रकरणाचा आहे. लोक हे सगळं एकत्र करतात, काऊंटरवर दहा हजार मागतात, स्टाफ हसतो, आणि मग ज्यावर खरंच हक्क आहे तेही मागायचं राहून जातं.

उशिरात मिळतं ते असं. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं, अडीच ते पाच तासांच्या फ्लाइटला तीन तास उशीर झाला तर, त्याहून लांबच्या फ्लाइटला चार तास. सहा तासांच्या वर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड. चोवीस तासांच्या वर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारी फ्लाइट सहा तासांहून जास्त लेट असेल तर हॉटेल. वाचायला छान वाटतं, पण पुढे पळवाट आहे, कारण हाताबाहेरचं असेल, म्हणजे हवामान, एटीसी (विमानांना रस्ता देणारं नियंत्रण केंद्र), सुरक्षा वगैरे, तर कंपनीला ही बंधनं तितकी लागू राहत नाहीत. मग ज्या दिवसांत सगळ्यात जास्त माणसं विमानतळावर अडकतात, नेमक्या त्याच दिवसांत नियम सगळ्यात ढिला पडतो. हे मला अजिबात पटत नाही.

युरोपात याची विभागणी जास्त शहाणपणाने केलीय. तिथे हवामानामुळे उशीर झाला तर रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि हॉटेल मात्र द्यावंच लागतं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने आख्ख्या युरोपची विमानं बंद पडली होती, तेव्हासुद्धा काळजी घेण्याची जबाबदारी कंपनीचीच होती असं तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. आपल्यातले जे फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम करत ये-जा करतात त्यांनी हे लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला तो नियम लागू आहे, आपल्या कंपन्यांनाही. अमेरिकेत तर २०१० पासून देशांतर्गत फ्लाइटमध्ये प्रवाशांना उतरायची संधी न देता तीन तासांहून जास्त विमानात जमिनीवर बसवून ठेवता येत नाही, आंतरराष्ट्रीयला चार तास.

आपल्याकडेही आधार नाही असं नाही, फक्त तो फार जणांना माहीत नाही. डिसेंबर २००७ मध्ये इंडिगोचीच एक दिल्ली-हैदराबाद फ्लाइट धुक्यात अडकली होती, प्रवासी तासन् तास विमानातच बसून होते. एक प्रवासी हैदराबादच्या लोक अदालतीत गेला, त्याला दहा हजारांची भरपाई मिळाली, कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि जुलै २०११ मध्ये कोर्टाने ती भरपाई रद्द केली, कारण धुकं कंपनीच्या हातात नव्हतं आणि प्रवाशाला पर्याय दिला होता. इथपर्यंत वाचून लोक सोडून देतात. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की तिकीट स्वस्त असलं म्हणून विमानात अडकलेल्या माणसाला पाणी, खाणं, स्वच्छतागृह या किमान सोयी नाकारता येणार नाहीत, लो-कॉस्ट असणं ही त्यासाठी सबब नाही. सोळा वर्षांनी परत तीच कंपनी, तेच दिल्लीचं धुकं आणि तोच प्रश्न, की धुक्याबद्दल माफ पण वागणुकीचं काय.

नंतर काय बदललं

१५ जानेवारीला, म्हणजे व्हिडिओ फिरत होता त्याच दिवशी, डीजीसीएने कंपन्यांसाठी कार्यपद्धती काढली. उशिराची खरी माहिती वेबसाइटवर, मेसेजवर, व्हॉट्सॲपवर द्या, गेटवरच्या स्टाफला नीट बोलायला शिकवा, आणि धुक्यात तीन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असं दिसत असेल तर पुरेशी आधी फ्लाइट कॅन्सल केली तरी चालेल. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कॅन्सल होणं वाईट खरं पण सकाळीच कळलं तर माणूस मोकळा होतो. मार्च २०२४ च्या शेवटी बीसीएएसने विमानतळांना नवीन सूचना दिल्या, की बोर्डिंग झाल्यावर फार उशीर झाला तर प्रवाशांना डिपार्चरच्या गेटमधून बाहेर पडू द्यावं. आणि त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडावर डीजीसीएने खाण्याचंही स्पष्ट केलं, दोन तासांपर्यंत पाणी, दोन ते चार तास चहा-कॉफी आणि काहीतरी खायला, चारच्या वर जेवण.

बदल झाला हे मान्य. पण डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं तेही आपण पाहिलं, तेव्हा ना धुकं होतं ना वादळ, पायलटच्या विश्रांतीचे नवीन नियम येणार हे आधी माहीत असूनही इंडिगोची तयारी कमी पडली आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट कॅन्सल झाल्या. त्या वेळी सरकारने रिफंडला तारीख ठरवून दिली म्हणून पैसे भराभर परत आले. एरवी क्रेडिट कार्डचा रिफंड सात दिवसांत यायला हवा आणि एजंट किंवा बुकिंग ॲपमधून काढलेल्या तिकिटाचाही जिम्मा शेवटी विमान कंपनीचाच आहे, "ॲपला विचारा" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तक्रार लिहायचीच असेल तर ती या प्रकरणासारखी दोन भागांत लिहा. पहिला भाग हवामानाचा, तो एका ओळीत संपवा: अमुक तारखेला दिल्लीत धुकं होतं, उशीर झाला, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. मग दुसरा भाग, आणि तो मिनिटामिनिटाचा हवा. बोर्डिंग किती वाजता, दार किती वाजता बंद झालं, पाणी किती वाजता मागितलं आणि किती वाजता मिळालं, सहा तासांच्या वर उशीर जाणार हे कळल्यावर रिफंडचा पर्याय कुणी सांगितला का, ॲपवर वेळ किती वेळा बदलली त्याचे स्क्रीनशॉट, शिडी लागल्यापासून बस किती वेळाने आली, व्हीलचेअर मागितली असेल तर तिचं काय झालं. फोटो काढा, पण ॲप्रनवर उभं राहून नाही, खिडकीतून. बोर्डिंग पास फेकू नका, स्वतः विकत घेतलेल्या खाण्याची बिलं ठेवा. स्टाफशी बोलताना आवाज चढवण्याऐवजी नाव आणि वेळ लिहून घ्या.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाला मेल, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, आणि तिथेही समाधान झालं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर किंवा सरळ ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस करता येते, म्हणजे फ्लाइट गोवा-दिल्ली असली तरी सातारच्या माणसाने साताऱ्यातच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

बहुतेक वेळा कंपनीकडून पहिलं उत्तर छापील येतं, की उशीर प्रतिकूल हवामानामुळे झाला आणि तो आमच्या नियंत्रणाबाहेर होता. ते उत्तर जपून ठेवा आणि पुढच्या तक्रारीला जोडा. तुम्ही विचारलं होतं पाणी साडेतीन तास का मिळालं नाही, आणि त्यांनी सांगितलं धुकं होतं, ही गोष्ट आयोगासमोर तुमच्याच कामाला येईल.